वृत्तपत्रे, युद्धोत्तर काळातील स्वतंत्र मराठी

पक्ष किंवा मोठा उद्योगसमूह यांच्या आश्रयावाचून, वर्गणीदार व जाहिराती यांच्या बळावर चालणाऱ्या मराठी वृत्तपत्रांना दुसऱ्या महायुद्धानंतर (१९३९–४५) मुख्यतः कागदाच्या प्रश्नाशी झगडावे लागले. युद्धकाळात आयात घटल्याने कागदावर आलेली नियंत्रणे युद्ध संपले तरी टिकून राहिली. कागद हा वृत्तपत्राच्या खर्चातील मोठा भाग असल्यामुळे त्याचे वाटप ज्याच्या हाती, त्याच्या हाती पृष्ठसंख्या व खपही अप्रत्यक्षपणे जात असे. साठा करण्याची ऐपत नसलेल्या पत्रांना या टंचाईची झळ अधिक लागे.

देशी उत्पादनाचा पहिला प्रयत्न खानदेशच्या सीमेलगतच झाला. मुक्ताईनगरच्या (पूर्वीचे एदलाबाद) पुढे, बऱ्हाणपूरपलीकडे भुसावळ–खांडवा लोहमार्गावरील नेपानगर येथील कारखान्याची कंपनी १९४७ मध्ये स्थापन झाली. बांबू व सालई यांच्या लगद्यापासून तेथे १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८१ पर्यंत हा देशातील वृत्तपत्री कागदाचा एकमेव कारखाना होता. मात्र त्याचे उत्पादन देशाच्या गरजेस पुरेसे नसल्याने आयात व तिच्यावरील शासकीय नियंत्रण चालूच राहिले.

न्या. ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने (१९५२–५४) लहान पत्रांच्या संरक्षणासाठी किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालण्याची शिफारस केली. धनाढ्य पत्राने अल्प किमतीत अधिक पाने देऊन दुर्बळ प्रतिस्पर्ध्यास संपवू नये, हा तिच्यामागील हेतू. त्यानुसार १९५६ चा अधिनियम व १९६० चा आदेश निघाला. तथापि त्याला आव्हान दिले ते ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या *सकाळ* या स्वतंत्र प्रादेशिक दैनिकानेच. *सकाळ* सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पाने देत असे. आदेशानुसार त्या किमतीत २४ पानेच देता आली असती. म्हणजे पाने कमी करणे किंवा किंमत वाढवणे, हे दोनच मार्ग उरत होते. पहिल्याने मजकूर घटतो, दुसऱ्याने वाचक दुरावतात. खप व मजकूर ही दोन्ही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचीच अंगे असून व्यापारनियमनाच्या नावाखाली त्यांचा संकोच करता येणार नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर १९६१ रोजी अधिनियमातील संबंधित तरतूद व आदेश रद्द केले. न्या. ज. रा. मुधोळकर यांनी निकालपत्र लिहिले.

या निकालाने शासकीय हस्तक्षेपाला मर्यादा पडली. परंतु आयोगाने हेरलेली विषमता मिटली नाही. १९६२ च्या आदेशाने कागदाचे नियंत्रण चालूच राहिले. १९७२–७३ च्या धोरणातील दहा पानांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये रद्द केली. आणीबाणीत (१९७५–७७) मजकुराच्या पूर्वतपासणीची भर पडली. अमळनेर येथे १९३८ मध्ये *काँग्रेस* साप्ताहिक काढणाऱ्या साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेल्या *साधना* साप्ताहिकालाही या काळात शासकीय कारवाईस तोंड द्यावे लागले.

१९९० नंतरच्या दशकात कागदाच्या आयातीवरील निर्बंध शिथिल झाले. त्यामुळे कोटा संपला. पण कमी किमतीत अधिक पाने देण्याची ऐपत असलेल्या समूहांशी लहान पत्रांची स्पर्धा संपली नाही. शासनापासूनचे स्वातंत्र्य न्यायालयात मिळवता आले. बाजारातील टिकाव मात्र प्रत्येक पत्राला आपल्या वाचकांच्या आधारावरच मिळवावा लागला.