श्रम जातात कुठे? : एका जुन्या सायकलीची दुरुस्ती

घराच्या माळ्यावर वीस वर्षे उलटी टांगून ठेवलेली सायकल गेल्या उन्हाळ्यात आम्ही खाली उतरवली. अठ्ठावीस इंची चाके, काळा रंग, भक्कम कॅरियर आणि तारेऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक. वजन २२ किलो. दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांकडे एके काळी अशाच सायकली असत. कॉलेजात असताना हिच्यावरून आम्ही पुण्याहून जेजुरीला जाऊन त्याच दिवशी परत आलो होतो. जाऊन-येऊन अंतर सुमारे शंभर किलोमीटर. सायकल नीट केली की पंचेचाळिशीतही हे जमेल, असे वाटले.

दुरुस्तीची कृती येथे सांगायची नाही. ती कोपऱ्यावरचा सायकलवाला आमच्यापेक्षा चांगली सांगेल. सायकल चालवताना आपले श्रम नेमके कुठे खर्च होतात आणि त्याबाबतचा आमचा अंदाज कसा चुकला, तेवढे सांगायचे आहे. त्यासाठी जे प्रयोग केले ते कोणत्याही शाळेत करता येण्यासारखे आहेत.

छर्र्यांवरचे तीन रविवार

जुनी सायकल जड चालते याचे कारण गंजलेले छर्रे, अशी आमची समजूत होती. तेव्हा तीन रविवार खर्चून आम्ही सायकल पूर्ण खोलली. पुढच्या चाकात ३/१६ इंची, मागच्या चाकात आणि पॅडलच्या आसात १/४ इंची छर्रे असतात. सगळे काढले, कप आणि कोन रॉकेलने धुतले, खड्डे पडलेले कोन बदलले, नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवले. यालाच आपल्याकडे ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द ‘ओव्हरहॉलिंग’. पण त्यात तेलाचा भाग मोठा असल्याने सायकलवाल्यांनी केलेले रूपांतरच अधिक अर्थपूर्ण आहे. चाक उचलून फिरवले की आता ते कितीतरी वेळ फिरत राही. आम्ही खूश होतो.

शेजारचा नववीतला मुलगा हे सर्व पाहत होता. त्याने विचारले, “काका, पण आता ती किती हलकी झाली?” प्रश्न अगदी रास्त होता, आणि मोजल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नव्हते. सुदैवाने सायकल खोलण्यापूर्वी, केवळ सवयीने, आम्ही एक मोजणी करून ठेवली होती.

ती अशी. सपाट डांबरी रस्त्यावर एकाने सायकलवर बसायचे, पाय पॅडलवर स्थिर ठेवायचे. हँडलखाली चिमट्याला दोरी बांधून तिला तानकाटा अडकवायचा आणि दुसऱ्याने चालण्याच्या गतीने सायकल ओढत न्यायची. तोल सांभाळायला शेजारी एक जण हवा. गती एकसारखी असताना काट्यावर जो आकडा दिसतो तोच रोध. हीच मोजणी परत येतानाही करून दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची. ही खबरदारी आवश्यक आहे, कारण डोळ्यांना सपाट वाटणारा रस्ता शंभर मीटरांत एक मीटर चढत असेल, तर तेवढ्यानेही काट्यावरचा आकडा जवळजवळ एक किलोने वाढतो.

खोलण्यापूर्वी काटा सुमारे १.६ किलो दाखवत होता. ओव्हरऑइलिंगनंतरही तो सुमारे १.६ किलोच दाखवत होता. तीन रविवारांच्या मेहनतीचा फरक काट्यावर धड वाचताही येईना.

घर्षण किती, यापेक्षा ते कुठे?

थोडा विचार केल्यावर चूक लक्षात आली. छर्रे आसापासून सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर फिरतात. चाकाची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर. तरफेचा नियम येथेही लागू पडतो. आसाजवळ जे घर्षण होते, त्यावर मात करण्यासाठी चाकाच्या परिघाशी त्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याइतकेच बल पुरते. शिवाय चांगल्या छर्र्यांचे घर्षण मुळातच अत्यल्प, भाराच्या हजारांश दोनच्या आसपास. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले तर या घर्षणापोटी रस्त्यावर जेमतेम पाच ग्रॅम जास्त ओढावे लागते. गंजलेले छर्रे दहापट वाईट होते असे मानले, तरी ५० ग्रॅम. तानकाट्यावर तेवढे कसे दिसणार?

मग छर्रे बदलणे व्यर्थ होते का? नाही. खड्डे पडलेला कोन झिजत जाऊन एखाद्या दिवशी अडकतो, चाक हलू लागते, आणि ते उतारावर झाले तर जिवावर बेतते. छर्रे बदलले ते सुरक्षिततेसाठी आणि सायकलीच्या आयुष्यासाठी. त्याने सायकल हलकी झाली, हे मात्र म्हणता येत नाही. दोन वेगळे फायदे आम्ही एक समजत होतो.

याच नियमाची दुसरी बाजू लगेच दिसली. मागच्या रिमला ‘आउट’ होता, म्हणजे चाक फिरताना रिम सरळ न राहता हेलकावे खाई आणि प्रत्येक फेऱ्यात ब्रेकच्या रबराला ओझरती घासे. हे घर्षण आसाशी नाही, परिघाशी. येथे पस्तिसावा हिस्सा नाही. जितके घर्षण तितका पुरता रोध. स्पोक कमी-जास्त आवळून सायकलवाल्याने अर्ध्या तासात आउट काढला. काटा १.३५ वर आला.

पंपाची करामत

आता सायकलवाला म्हणाला, “सर, टायरमध्ये हवा कुठंय?” टायर हाताला घट्ट लागत होते, म्हणून आम्ही त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते. मापकावर दाब निघाला दर चौरस इंचाला २० पौंड. या टायरला तो ५०च्या आसपास हवा. हवा भरून पुन्हा ओढले, तेव्हा काटा ०.९५ किलोवर होता. पाच मिनिटांच्या कामाने रोध सुमारे तीस टक्के कमी झाला!

याचे कारण रबराच्या स्वभावात आहे. जमिनीला टेकलेला टायरचा भाग भाराने चपटा होतो आणि पुढे गेला की मूळ आकारात येतो. चपटे होताना रबर ऊर्जा घेते, पण परत फुगताना ती सगळी देत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. चपटा होणारा भाग जितका मोठा, तितका तोटा मोठा. मागच्या चाकावर ५४ किलो, म्हणजे सुमारे ५३० न्यूटन भार येतो. ५० पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३४ न्यूटन. भागाकार केला की टायरचा सुमारे १५ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो असे निघते. २० पौंडांना हेच क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर होते. टायर ओला करून, वर कोणाला तरी बसवून, खाली आलेखाचा कागद ठेवला तर ठसा मिळतो आणि चौकोन मोजता येतात. टायरच्या कडाही थोडा भार पेलतात, त्यामुळे उत्तर तंतोतंत येत नाही. पण अंदाज बरोबर येतो.

एक गोष्ट या मोजणीत येत नाही. सायकल ओढताना साखळीवर जोर नसतो, त्यामुळे तिच्यातला तोटा काटा दाखवत नाही. स्वच्छ आणि तेल दिलेली साखळी शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग खाते. गंजलेली याहून बरेच अधिक खाते, म्हणून आम्ही साखळी नवी बसवली.

पहिली फेरी

सायकल सिद्ध झाली आणि जूनअखेरच्या एका रविवारी पहाटे जेजुरीकडे निघालो. वाटेत गिअरच्या सायकलींवरचे तरुणांचे टोळके भेटले. त्यांच्याबरोबर राहण्याचा मोह आवरला नाही. वेग २२-२३ किलोमीटर असावा. दिवे घाटाच्या पायथ्याशी मांड्या भरून आल्या. घाटात खाली उतरायचे नाही या हट्टाने उभे राहून पॅडल मारले. सासवडला पोहोचलो तेव्हा उजवा गुडघा वाकत नव्हता. तेथून आम्ही आणि सायकल, दोघेही टेम्पोतून घरी आलो.

सायकल निर्दोष होती, तरी आम्ही निम्म्या वाटेवरही पोहोचलो नव्हतो. सायकलवाल्याने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, “सायकल झाली, आता सर राहिले.” पण केवळ सरावाचा अभाव हे पूर्ण उत्तर नव्हते. गणित करून पाहिले.

हवेचा हिशेब

चालण्याच्या गतीला हवेचा रोध जाणवत नाही. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताठ बसून चालवण्याच्या या सायकलीवर आपले शरीर एखाद्या फळीसारखे हवेला आडवे येते. टायरचा रोध सुमारे ९ न्यूटन, तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा रोध मिळवला की वारा नसताना, सपाटीवर, अंदाजे असे चित्र दिसते :

वेग १५ किलोमीटर : हवेचा रोध ६ न्यूटन, लागणारी शक्ती सुमारे ६० वॅट.
वेग २० किलोमीटर : हवेचा रोध १० न्यूटन, शक्ती सुमारे १०५ वॅट.
वेग २५ किलोमीटर : हवेचा रोध १६ न्यूटन, शक्ती सुमारे १७० वॅट.

१५ वरून २० वर जाताना वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण शक्ती पाऊणपटीने अधिक लागते. तरुण मंडळी वाकून बसली होती, सराव रोजचा होता. आम्ही ताठ बसून त्यांच्या वेगाने जाऊ पाहत होतो. ६०-७० वॅट देत आम्ही तासन्‌तास चालवू शकतो. १३० वॅट दिले तर तासाभरात संपतो.

घाटाचा हिशेब वेगळा. दिवे घाटाचा चढ उंचीने सुमारे २०० मीटर. ९० किलो तेवढे उचलायला सुमारे १७६ किलोज्यूल ऊर्जा लागते. १५ किलोमीटर वेगाने सपाटीवर १२ किलोमीटर जायला लागते जवळपास तेवढीच. म्हणजे घाटाची ऊर्जा फार नाही. अडचण जोराची आहे. आमच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाटीवर मिनिटाला ६० फेऱ्यांना २० किलोमीटर वेग येतो, हे छान. पण शंभरात पाच चढ असेल तर त्याच दात्यांवर पॅडलवर सरासरी २८ किलो जोर लागतो. पॅडल वर किंवा खाली असताना जोर लावता येत नाही, त्यामुळे मधल्या टप्प्यात तो शरीराच्या वजनाच्या आसपास जातो. गुडघा धरला तो यामुळे.

सायकलवाल्याने मागे १८ ऐवजी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवले. आता एका फेऱ्यात साडेचार मीटर आणि ६० फेऱ्यांना वेग १६ किलोमीटर. पॅडलवरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटला. ‘दाते वाढवणे म्हणजे कमीपणा’ ही भावना जुनीच आहे. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली, पण साखळी एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर वापरायला तिच्यात १९३७ मध्ये परवानगी मिळाली. तोपर्यंत घाटांमध्येही स्वारांना त्याविनाच चढावे लागे.

दुसरी फेरी

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे नियम पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट उमगली. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरची फेरी प्रथम १८९१ मध्ये झाली. आज ती शर्यत नाही. ९० तासांत पूर्ण केली की झाले. भारतातही होणाऱ्या अशा ‘ब्रेव्हे’ फेऱ्यांत २०० किलोमीटरना साडेतेरा तास मिळतात. भागाकार केला तर विश्रांती धरून ताशी १५ किलोमीटरच्या आत-बाहेर वेग येतो. जगभरचे लांब पल्ल्याचे स्वार ज्या मर्यादेत राहून पदके मिळवतात, ती आमच्या काळ्या सायकलीला परकी नव्हती.

दोन महिने रोज थोडा सराव करून ऑगस्टच्या शेवटी पुन्हा निघालो. सपाटीवर १५च्या पुढे जायचे नाही, असे ठरवले होते. मागून आलेले सगळे पुढे जात होते, आणि पहिला तासभर ते सहन करणे हेच सर्वांत कठीण काम होते. दिवे घाटात सरळ उतरून सायकल हाती धरून चढलो. साडेदहाला जेजुरीला पोहोचलो. परतताना घाट उतरताना पाऊस लागला. क्रोम चढवलेली लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तीवर घसरते आणि थांबायला कितीतरी अधिक अंतर लागते. म्हणून तोही चढासारखाच चालत उतरलो. संध्याकाळी पाचला घरी. गुडघा शाबूत होता.

वर्गात हा विषय घ्यायचा तर आधी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा : छर्रे, ब्रेक, टायर, हवा, चढ यांत सर्वांत जास्त श्रम कोण खाते? मग तानकाट्याने मोजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवायला विसरू नये. आमच्याकडे तो योगायोगाने होता. नसता, तर तीन रविवारांनंतर ‘सायकल किती हलकी झाली!’ असे आम्ही सर्वांना सांगत फिरलो असतो, आणि आमचा त्यावर पूर्ण विश्वासही बसला असता.