साउथ जॉर्जिया बेटावरील पक्षी-अधिवास आणि संवर्धन

साउथ जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिक महासागरातील सुमारे १६५ किलोमीटर लांबीचे डोंगराळ बेट आहे. त्यावर ब्रिटनचा ताबा असून अर्जेंटिनाही हक्क सांगते. बेटावर कायमची मानवी वस्ती नाही. सागरी पक्ष्यांच्या विणीचे हे जगातील एक प्रमुख ठिकाण मानले जाते.

किनारा आणि अधिवास

बेटाचा निम्म्याहून अधिक भाग बर्फाखाली असतो. झाड एकही नाही. हिरवळ दिसते ती किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात. तेथील टसॅक गवताचे उंच ठोंब हाच बहुतेक पक्ष्यांचा आसरा होय. पांढऱ्या हनुवटीचे पेट्रेल आणि प्रायन हे पक्षी गवताच्या मुळांजवळ बिळे करून अंडी घालतात. अल्बट्रॉस उतारांवर घरटी बांधतात, राजा पेंग्विन सपाट पुळणीवर दाटी करतात, तर मॅकरोनी पेंग्विन खडकाळ कडे पसंत करतात. साउथ जॉर्जिया तीरचिमणी हा बेटावरील एकमेव गाणारा पक्षी असून तो जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही.

उंदीर आणि हिमनद्या

इ.स. १७७५ मध्ये जेम्स कुक येथे उतरला. त्यानंतर सील आणि पुढे देवमाशांच्या शिकारीसाठी जहाजांची ये-जा वाढली व त्यांतून तपकिरी उंदीर किनाऱ्यावर आले. जमिनीवर व बिळांत घातलेली अंडी आणि पिल्ले त्यांना आयतीच मिळाली. तीरचिमणी मुख्यतः उंदीर न पोहोचलेल्या लहान बेटांपुरती उरली.

उंदरांना अडवले ते समुद्रापर्यंत उतरणाऱ्या हिमनद्यांनी. बर्फ ओलांडता न आल्याने त्यांच्या टोळ्या किनाऱ्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांत कोंडल्या गेल्या. त्यामुळे एकेक तुकडा स्वतंत्रपणे साफ करणे शक्य होते. मात्र हवामानबदलाने हिमनद्या मागे सरकू लागल्या होत्या. भिंती वितळल्यावर उंदीर सर्वत्र पसरले असते आणि ही संधी कायमची गेली असती.

साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टने २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले. या उपायाची किंमतही मोजावी लागली: काही स्कुआ व बदकेही विषाला बळी पडली. एक गाभण मादी उरली असती तरी सारे श्रम वाया गेले असते, म्हणून प्रशिक्षित कुत्र्यांसह पुन्हा शोध घेण्यात आला. मे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त घोषित झाले. तत्पूर्वीच साफ झालेल्या भागांत तीरचिमण्या घरटी करू लागल्या होत्या.

उरलेले धोके

अल्बट्रॉसची घट मात्र थांबलेली नाही, कारण तिचे मूळ बेटाबाहेर आहे. लांब दोरीला हजारो गळ लावून केलेल्या मासेमारीत आमिषावर झडप घालणारे पक्षी अडकून बुडतात. बेटाभोवतीच्या पाण्यात मासेमारीला हिवाळ्यातच परवानगी असून दोऱ्यांना वजने बांधणे सक्तीचे आहे. त्यामुळे तेथे पक्ष्यांचे मृत्यू अत्यल्प झाले. परंतु भटक्या अल्बट्रॉसचा संचार हजारो किलोमीटरचा असतो आणि दूरच्या समुद्रांत हे नियम सर्वत्र पाळले जात नाहीत. २०२३ मध्ये बर्ड फ्लूही बेटावर पोहोचला; सुरुवातीला तो स्कुआ पक्ष्यांत आढळला. पर्यटकांना किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी बूट व कपडे तपासून स्वच्छ करावे लागतात, तर रात्री जहाजांना खिडक्या झाकाव्या लागतात, कारण प्रकाशाने दिपलेले पेट्रेल डेकवर आदळतात.