तीन वाजेपर्यंत

दुपारचा दीड. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावात, तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली उभा आहे. दिवाळी नुकतीच सरलीय. कार्तिक लागला तरी ऊन आश्विनातलंच. फाटकाला आडवा बांबू. पलीकडे दोन पोलीस, अलीकडे दोनेकशे माणसं. 2024 च्या विधानसभेच्या माघारीचा दिवस आहे. तीनला मुदत संपते.

सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. बंडखोर येतो की नाही?

"नॉट रिचेबल," एक पोरगा मोबाइल खिशात टाकत सांगतो. म्हणजे लढणारच, असं काही म्हणतात. काही म्हणतात, भाव वाढवतोय. दोन्हींच्या गळ्यातले रुमाल एकाच रंगाचे.

चहाच्या टपरीवर सावली बरी आहे. एक निवृत्त मास्तर बशी फुंकत जुना हिशेब मांडतात. 2019 ला जळगाव लोकसभेचं जाहीर झालेलं तिकीट ऐनवेळी कापलं, दुसऱ्याला दिलं. 2024 ला त्या दुसऱ्याचं कापून पुन्हा पहिल्या घरी. मधल्या मध्ये अमळनेरच्या सभेत स्टेजवरच लाथाबुक्क्या. "आणि मुक्ताईनगर?" कुणीतरी आठवण करून देतं. 1990 पासून निवडून येणाऱ्याला 2019 ला घरी बसवलं, तिकीट लेकीला दिलं. ती 1,957 मतांनी पडली. मास्तर बशी रिकामी करतात.

रस्ता ओलांडतो. इकडे वेगळीच रांग. कापसाचे टेम्पो, ट्रॅक्टर, एक बैलगाडीसुद्धा. हवेत तंतू तरंगतात, घामाला चिकटतात, मान खाजते. व्यापारी ओल मोजायचं यंत्र घेऊन फिरतोय. लांब धाग्याचा 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 7,521. इथे बोलणी साडेसहा हजारांपासून सुरू.

"सरकारी केंद्रावर का नेत नाही, दादा?" एका टेम्पोवाल्याला विचारतो.

"बारा टक्काना वर ओल दखाडी का गाडी परत येस."

आणि मतदान? तो टेम्पोच्या फाळक्यावर पाठ टेकतो. "मागे निवडी दिन्हा. मंग त्यानी तोंड दखाडं नही."

मागचा ट्रॅक्टरवाला धुळ्याकडचा. तिथे दोनदा निवडून आलेला खासदार 2024 ला 3,831 मतांनी पडला. कांद्यानं पाडलं, हा म्हणतो. मालेगावनं पाडलं, शेजारचा म्हणतो. मालेगावचा एक सोडला तर सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत तो पुढेच होता, ही गोष्ट खरी. पण 3,831 म्हणजे चार-पाच गावांचा रुसवा, एवढंच. त्यात कांदा नव्हताच, असं मला तरी म्हणवत नाही.

पावणेतीन. धुरळा उडवत पांढरी गाडी येते. बांबू वर होतो. घोषणा, धक्काबुक्की, कुणाची तरी चप्पल मागे राहते. मग एकदम शांतता. पोलीससुद्धा घड्याळ बघतोय.

तो बाहेर येतो. हात जोडलेले, हसू ओढूनताणून आणलेलं. "साहेबांचा शब्द मोडता आला नाही." दिवाळीतली उरलेली लड कडाडते. सकाळपासून त्याच्यासाठी उभी असलेली पोरं धुराकडे पाठ करून मोटारसायकली काढतात.

"मागार लिधी का?" टेम्पोवाला मान न वळवता विचारतो.

"लिधी."

त्याचा नंबर आलाय. वरचा, उन्हात चांगला वाळलेला कापूस तो मूठभर काढून पुढे धरतो. व्यापारी त्याकडे बघतही नाही. कोपरापर्यंत हात ढिगात घालतो आणि अगदी तळाची मूठ ओढून काढतो.