रोज लिहिणं हीसुद्धा उपासनाच

जप, पारायण, वारी यांना आपण साधना म्हणतो, पण श्रद्धेनं रोज चार ओळी लिहिण्याला तो मान सहसा देत नाही. समर्थ रामदासांनी मात्र दिला होता. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेवर आहे. त्यात अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, काना-मात्रा-वेलांट्या नीट द्याव्यात, ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर सारखंच दिसावं, इतकं बारकाईनं सांगितलंय. शेवटचं अक्षर पहिल्यासारखं येण्यासाठी काय लागतं, याचा विचार करा. हात थकतो, मन भटकतं, तरी लक्ष तितकंच ठेवावं लागतं. माझ्या मते मन स्थिर करण्याचा अभ्यास याहून वेगळा नसतो.

यावर म्हणतात की लिहिणं म्हणजे मिरवणं, त्यात अहंकार वाढतो. धोका खरा आहे. पण एकनाथांकडे पाहा. त्यांनी 1584 साली पाठभेद तपासून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तिच्यात कुणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत, असं बजावलं. इतकं मोठं काम केलं आणि लक्ष वेधलं ते मूळ ग्रंथाकडेच. दुसरा आक्षेप यांत्रिकपणाचा. वहीभर रामनाम लिहिताना हात आपोआप चालू लागतो, हे खरंच. पण तोंडी जपातही तेच होतं. उलट लिहिताना मन उडालं की अक्षर बिघडतं आणि ते लगेच डोळ्यांना दिसतं. माळ ओढताना ही खूण मिळत नाही.