गरोदरपणातलं जांघेचं दुखणं : सोसायचं की सुधारायचं?

मागच्या वेळी आपण गरोदरपणातल्या कंबरदुखीबद्दल बोललो. त्यावर एक प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला : ‘कंबर ठीक आहे हो, पण जांघेत कळ येते, कूस बदलताना तर जीव जातो, त्याचं काय?’ आज त्याबद्दलच बोलू.

हे दुखणं दुर्मीळ नाही. साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला कटीच्या सांध्यांचा त्रास होतो. घरात त्यावर उत्तर तयार असतं : ‘होतंच गं असं, बाळंत झालीस की थांबेल.’ हे अर्धं खरं आहे. बहुतेकींचं दुखणं बाळंतपणानंतर ओसरतं. पण पाचव्या महिन्यात सुरू झालेलं दुखणं चार महिने नुसतं सोसलं, तर चालणं कमी होतं, झोप कमी होते, स्नायूंची ताकद घटते आणि ताकद घटली की दुखणं वाढतं. म्हणून आम्ही फिजिओथेरपिस्ट सांगतो, त्रास सुरू झाला की लगेच या, नववा महिना लागायची वाट पाहू नका.

आता हे दुखतं का, ते बघू. आपली कटी म्हणजे हाडांचं एक कडं आहे. त्याला मागे दोन सांधे आणि पुढे, ओटीपोटाच्या खाली, एक सांधा. या पुढच्या सांध्यातली फट एरवी ४ ते ५ मिलिमीटर असते. गरोदरपणात सांधे बांधून ठेवणारी लिगामेंट सैल होतात आणि ही फट २-३ मिलिमीटरने वाढते. हे नैसर्गिक आहे, बाळाला वाट मिळावी म्हणून आहे. गंमत अशी की फट किती आणि दुखणं किती, याचा थेट हिशोब लागत नाही. त्रास होतो तो भार दोन्ही बाजूंना सारखा वाटला जात नाही तेव्हा. एका पायावर उभं राहिलं की कड्याची एक बाजू वर, एक खाली ओढली जाते आणि पुढचा सांधा ताणला जातो. म्हणूनच सलवार घालताना, जिना चढताना, रिक्षात एक पाय टाकताना नेमकी कळ येते.

जांघेतली प्रत्येक कळ सांध्याचीच असते असं नाही. खोकताना, शिंकताना किंवा झटकन उठताना एका बाजूला सुईसारखं टोचून काही क्षणांत थांबत असेल, तर ते बहुधा गर्भाशयाला जांघेकडे बांधणाऱ्या लिगामेंटचं असतं. तिथे हालचाल सावकाश करणं बहुतेक वेळा पुरतं.

सांध्याच्या दुखण्यात मात्र एक सूत्र लक्षात ठेवा : गुडघे जवळ, भार दोन्ही पायांवर. बाकी सगळं यातूनच निघतं. कूस बदलताना गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम वळवा. झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्या. उठताना आधी कुशीवर वळा, पाय एकत्र खाली सोडा आणि हातांनी रेटून बसा. कपडे बसून घाला. रिक्षात किंवा गाडीत आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. जिना एकेक पायरी करत चढा : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. बाजाराची जड पिशवी एका हातात नको.

इथे एक नाजूक मुद्दा. ‘उकिडवं बसून फरशी पूस, मांडी घालून बस, डिलिव्हरी सोपी होईल,’ असं मायेनेच सांगितलं जातं. ज्यांना दुखत नाही त्यांनी जमेल तसं जरूर बसावं. पण पुढचा सांधा दुखत असेल तर हे पाय फाकवून बसणं त्रास वाढवतं. तेव्हा खुर्ची, आणि शक्य असेल तर कमोड वापरावा. सासूबाईंना सोबत घेऊन आलात तर आम्हीच समजावून सांगतो!

मग व्यायाम कोणते? आधी तपासणी होते : उताणं झोपून एकेक पाय सरळ उचलायला सांगतो, कुठे दुखतं, कुठे जोर कमी पडतो ते बघतो. सुरुवात साधी असते. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू आवळून, श्वास न रोखता, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. नितंबांचे स्नायू तसेच. मग हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन पोट हलकेच आत घेणं. करताना किंवा दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर व्यायाम बदलायचा, सगळं सोडून द्यायचं नाही. कमरेचा पट्टा चालताना काहींना आराम देतो, पण तो मापाचा हवा आणि दिवसभर बांधून ठेवायचा नाही.

प्रसूतीआधी गुडघे न दुखता किती दूर जातात ते मोजून घ्या आणि डॉक्टरांना, नर्सना सांगा. कुशीवर किंवा ओणवं होऊन कळा देता येतात. त्यामुळे सांध्यावर ताण कमी येतो.

आणि हे घरी थांबून बघायचं नाही : रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल कमी होणं, ताप, लघवीला जळजळ, एकाच पायाला सूज, पायावर अजिबात भार न टाकता येणं, जांघेत बधिरपणा. अशा वेळी व्यायाम बाजूला ठेवा, लगेच डॉक्टर गाठा.

बाळंतपणानंतर काही आठवड्यांतही दुखणं हटलं नाही, तर पुन्हा या. बाळाला दिवसातून कितीदा तरी उचलायचं असतं, त्यासाठी आईचं कडं मजबूत हवं. घरातल्या पुरुषांनाही एक सांगणं : ती हळू उठते, तेव्हा ती आळस करत नसते. पिशवी तुम्ही घ्या, फरशी तुम्ही पुसा. आमच्या व्यायामाला त्याची जोड मिळाली तर गुण लवकर येतो.