गेटवरचा वॉचमन, खोलीची कडी आणि ट्रंकेचं कुलूप

होस्टेलमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, “माझ्या लॅपटॉपला पासवर्ड आहे, टेन्शन नाही.” दुसरं, “अबे, माझ्या मशीनवरून ग्रुपवर हे कोणी टाकलं बे?” गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बरेचदा एकाच माणसाच्या तोंडची असतात! पासवर्ड असूनही असं का होतं, याचं उत्तर आपण रोज बघतो त्या दोन स्क्रीनमध्ये आहे : लॉगिन स्क्रीन आणि लॉक स्क्रीन. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, पण कामं वेगवेगळी.

होस्टेलच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन म्हणजे गेटवरचा वॉचमन आणि लॉक म्हणजे खोलीची कडी. ट्रंकेचं कुलूप ही तिसरीच गोष्ट. मित्रांनो, या तिघांची गल्लत झाली की वरचं दुसरं वाक्य ऐकायला मिळतं.

वॉचमन काय करतो?

मशीन सुरू झालं की ऑपरेटिंग सिस्टिम आधी स्वतः उभी राहते. मग ती आपल्या विश्वासातला एक प्रोग्राम पुढे करते. विंडोजमध्ये त्याला विनलॉगऑन म्हणतात, लिनक्समध्ये डिस्प्ले मॅनेजर. तो विचारतो, “कोण?” आपण नाव निवडतो, पासवर्ड देतो. तो रजिस्टरशी ताडून बघतो आणि पटलं की आपल्या नावाने एक सेशन उघडतो. इथून पुढे आपण जो प्रोग्राम चालवू तो आपल्या अधिकाराने चालतो. कोणती फाइल उघडता येईल, कोणती पुसता येईल, हे या ओळखीवरून ठरते. गेटवर एकदा नाव लिहून आत आलं की मेसमध्ये आणि रीडिंग रूममध्ये पुन्हा पुन्हा ओळखपत्र कोणी मागत नाही, तसंच हे.

स्क्रीनवर दिसणाऱ्या नावाला मशीनच्या लेखी मात्र फारशी किंमत नसते. आमच्या पांढरकवड्याचंच बघा ना. नागपूर-हैदराबाद रस्त्यावर बसमधून उतरणारा प्रत्येक जण पांढरकवडा म्हणतो, पण सरकारी कागदावर तालुका केळापूर. केळापूरचं तहसील कार्यालय शोधत निघालात तर पोचणार पांढरकवड्यातच! तसंच लॉगिन स्क्रीनवर ‘टायगर’ लिहा की ‘बंड्या’, आत आपली नोंद एका आकड्याने असते. उबुंटूसारख्या लिनक्सवर पहिल्या माणसाला बहुधा १००० हा नंबर मिळतो, विंडोजमध्ये तो चांगला लांबलचक असतो. नाव बदललं तरी आकडा तोच राहतो. उलट खातं पुसून त्याच नावाने नवं काढलं, तर विंडोज नवा आकडा देते आणि जुन्या फाइलींचा मालक म्हणून आपल्याला ओळखत नाही.

सगळेच वॉचमन जागे असतात असंही नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्डची चौकट यायची, पण ‘कॅन्सल’ किंवा एस्केप दाबलं की डेस्कटॉप उघडायचा. ती चौकट नेटवर्कसाठी आणि प्रत्येकाची सेटिंग वेगळी ठेवण्यासाठी होती. म्हणजे गेटवर वॉचमन, पण कंपाउंडची भिंतच नाही! खरा बंदोबस्त विंडोज एनटीमध्ये होता. तो घरोघरी पोचला २००१ च्या एक्सपीबरोबर.

वॉचमनचं रजिस्टर

कॉम्प्युटरवर पासवर्ड आला तो अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस ही सिस्टिम बनवली आणि १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक झाले. एकच मोठं मशीन अनेकांनी वाटून घ्यायचं, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. वेळेची मारामारी तिथेही आपल्या लॅबसारखीच होती. ॲलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत आणि ते पुरत नसत. १९६२ मध्ये त्याने पंच कार्डवरून मशीनला पासवर्डची फाइल छापायला सांगितली, आणि मशीनने गुमान सगळी यादी छापून दिली! पुढे त्याच सिस्टिमवर लॉगिनच्या वेळी दिसणारी सूचना आणि पासवर्डची यादी या दोन फाइलींची अदलाबदल झाली. मग जो लॉगिन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड!

यातून धडा मिळाला की रजिस्टरमध्ये पासवर्ड जसाच्या तसा लिहायचाच नाही. त्याचं पीठ करून ठेवायचं. ज्वारी दळून पीठ होतं, पिठाची परत ज्वारी होत नाही. या पिठाला ‘हॅश’ म्हणतात. आपण पासवर्ड टाकला की मशीन तो पुन्हा दळतं आणि दोन्ही पिठं जुळतात का ते बघतं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या पेपरमध्ये युनिक्सची पद्धत सांगितली. त्यात दळण्याआधी प्रत्येकाच्या ज्वारीत वेगळं मीठ टाकलेलं असतं, म्हणून त्याचं नावच ‘सॉल्ट’. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं निघतं. लॅबचे सर आपला विसरलेला पासवर्ड सांगू शकत नाहीत, फक्त नवा देऊ शकतात, ते यामुळेच.

आता आपल्या मराठीची गोष्ट. पासवर्ड देवनागरीत ठेवला तर? कल्पना झकास आहे, पण पीठ अक्षराच्या रूपाचं होत नाही, त्यामागच्या कोडचं होतं. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतं, युनिकोडमध्ये मात्र ते क, हलन्त आणि ष असे तीन कोड आहेत. म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘क्ष’ला तीन ठिपके उमटतात. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एका कोडने लिहिता येतो, आणि ‘र’खाली नुक्ता देऊन दोन कोडनेही. ‘ॲ’ला स्वतंत्र कोड मिळाला २००८ मध्ये, युनिकोड ५.१ मध्ये. त्याआधी तो ‘अ’वर चंद्र देऊनच लिहीत आणि आजही काही कीबोर्ड तसाच लिहितात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण सिस्टिमने आधी दोन्ही रूपं एकसारखी करून घेतली नाहीत तर पीठ वेगळं होतं आणि वॉचमन म्हणतो, “चूक!” त्यातून ठिपक्यांमुळे आपण काय टाइप केलं तेही दिसत नाही. म्हणून डिस्प्ले नेम खुशाल मराठीत ठेवा, पासवर्ड मात्र कुठल्याही कीबोर्डवर एकाच रीतीने उमटेल असा ठेवा. पासवर्ड बरोबर असूनही मशीन ऐकत नसेल तर आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातली भाषेची खूण आणि कॅप्स लॉक बघा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

तोतया वॉचमन

समजा कोणी हुबेहूब लॉगिन स्क्रीनसारखा दिसणारा प्रोग्राम लिहिला आणि लॅबमध्ये चालू ठेवून निघून गेला. पुढचा मुलगा येऊन आपला पासवर्ड त्यात टाकणार! यावर विंडोज एनटीने १९९३ मध्ये उपाय काढला : आधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, मगच लॉगिन. आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या पीसीसाठी ही तीन बटणं ठेवली होती ती मशीन रीस्टार्ट करायला. एनटीमध्ये मात्र ती थेट ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात, साध्या प्रोग्रामला मध्ये अडवता येत नाहीत. म्हणजे ती दाबल्यावर जो पुढे येतो तो खराच वॉचमन. घरच्या मशीनवर हे हल्ली बहुधा बंद असतं, ऑफिस आणि कॉलेजच्या नेटवर्कवर अजून दिसतं. ते कटकट म्हणून नव्हे, तर या कारणासाठी असतं.

खोलीची कडी

आता लॉक. इथे सेशन संपत नाही. डाउनलोड चालू, प्रोग्राम चालू, न सेव्ह केलेली फाइलही तशीच. फक्त वर पडदा पडतो आणि मशीन विचारतं, “मघाचाच माणूस आहेस ना?” लॉगिन ‘कोण’ विचारतं, लॉक ‘तोच का’ विचारतं. लॉगआउट म्हणजे सामान आवरून गेटबाहेर जाणं, लॉक म्हणजे कडी लावून चहाला जाणं.

हा पडदा किती पक्का, हे सिस्टिमवर अवलंबून आहे. विंडोज तो वेगळ्या, राखीव डेस्कटॉपवर दाखवते. लिनक्सच्या जुन्या एक्स-११ पद्धतीत लॉक हा एक साधा प्रोग्रामच असतो. तो सगळ्या खिडक्यांवर पसरतो आणि कीबोर्ड-माउस धरून ठेवतो. तो कोसळला तर खालचा डेस्कटॉप उघडा! जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटवर नेमकं हेच झालं. एका घरात मुलांनी खऱ्या आणि स्क्रीनवरच्या कीबोर्डची वाट्टेल ती बटणं बडवली आणि लॉक कोसळून मशीन उघडलं. मिंटने लगेच दुरुस्ती दिली. नव्या वेलँड पद्धतीतल्या लॉकच्या नियमात हे उलट आहे : लॉकचा प्रोग्राम मेला तरी स्क्रीन बंदच राहायला हवी. बिघाड झाला तर दार बंद राहावं, उघडू नये, हे तत्त्व आपल्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किटमध्येही उपयोगी पडेल.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये ॲपलच्या मॅकओएस हाय सिएरात नावाच्या जागी ‘रूट’ लिहून पासवर्ड रिकामा ठेवला तरी प्रवेश मिळत होता. दोष उघड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती आली. म्हणून ‘अपडेट नंतर करू’ म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

पण खरं सांगायचं तर होस्टेलमध्ये असल्या दोषांची गरजच पडत नाही. कडीच लावलेली नसते! लाइट गेली की डेस्कटॉप बंद पडतो आणि पुन्हा लॉगिन मागतो. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो आणि आपण मेणबत्ती शोधायला बाहेर. सेशन उघडं, मेल उघडा, ग्रुप उघडा. वॉचमनने कितीही चोख तपासणी केली असली तरी आता खुर्चीवर जो बसेल तो मशीनच्या दृष्टीने आपणच. त्याने पाठवलेला मेसेज आपल्या नावाने जातो, त्याने पुसलेला प्रोजेक्ट आपण पुसलेला ठरतो. उद्या चौकशी झाली तर मशीनची नोंद आपल्याविरुद्ध साक्ष देते. दुखणं आहे ते हे.

ट्रंकेचं कुलूप

आणखी एक गैरसमज. लॉगिन पासवर्डने डिस्कवरच्या फाइली आपोआप सुरक्षित होत नाहीत. वॉचमन ही त्या मशीनवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची व्यवस्था आहे. पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालवली की हा वॉचमन ड्यूटीवरच नसतो. त्यासाठी डिस्क एन्क्रिप्ट करावी लागते : विंडोजमध्ये व्हिस्टापासून आलेलं बिटलॉकर, लिनक्समध्ये लक्स, मॅकवर फाइलव्हॉल्ट. हे ट्रंकेचं कुलूप. लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला तर पैसे जातील, पण फोटो आणि मार्कशीट तरी चोराच्या हाती लागणार नाहीत. बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मात्र कागदावर लिहून घरी ठेवा. ती हरवली आणि मशीनने मागितली, तर आपणही बाहेरच!

मग करायचं काय?

उठताना कडी लावायची. विंडोजमध्ये आणि बहुतेक लिनक्समध्ये विंडोजचं बटण आणि एल, मिंटमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एल, मॅकवर कंट्रोल-कमांड-क्यू. एक सेकंदाचं काम. विसरलात तर पाच मिनिटांत आपोआप लॉक होईल अशी सेटिंग करा आणि लॅपटॉपचं झाकण बंद केल्यावर उघडताना पासवर्ड मागू द्या. मित्राला मशीन द्यायचं असेल तर पासवर्ड देऊ नका, वेगळं खातं काढून द्या. मैत्रीत अविश्वास म्हणून नाही. काही बिघडलं तर त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून!

लॅबमध्ये मात्र लॉक करून जाऊ नका, लॉगआउट करा, नाहीतर पुढच्याला मशीनच मिळत नाही. आणि सर-मॅडमना नम्र विनंती : सगळ्या मशीनवर ‘स्टुडंट’ हे एकच खातं असेल तर कोणी काय केलं हे नोंदीवरून कधीच कळणार नाही. एकाच्या उद्योगाची शिक्षा साठ जणांना होईल.

गावी गेल्यावरही हे लक्षात ठेवा. ॲडमिशन आणि स्कॉलरशिपच्या दिवसांत तालुक्याच्या गावी फॉर्म भरायच्या दुकानात गर्दी उसळते. एक मशीन, एक सेशन, सकाळपासून रात्रीपर्यंत. डेस्कटॉपवर शंभर मुलांची आधार कार्डं आणि उत्पन्नाचे दाखले. आपला फॉर्म झाला की पोर्टलमधून लॉगआउट झालो का ते बघा, ब्राउझरने पासवर्ड सेव्ह केला असेल तर काढायला लावा, आपल्या स्कॅन केलेल्या फाइली समोरच पुसून घ्या, रिसायकल बिनसकट. धाकट्या बहीण-भावांनाही हे शिकवा. दुकानदारही ऐकतात, फक्त कोणीतरी म्हणावं लागतं.

आणि गंमत म्हणून दुसऱ्याचं मशीन उघडणाऱ्यांसाठी शेवटचं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क नव्हे, ६६-सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. मालकाच्या परवानगीशिवाय मशीन वापरणं कलम ४३ मध्ये येतं. मशीन उघडं होतं म्हणून परवानगी होती, असं होत नाही.

तेव्हा मंडळी, वॉचमनच्या भरवशावर दार सताड उघडं टाकू नका. हा लेख वाचून झाल्यावर चहाला निघणार असाल, तर आधी ती दोन बटणं दाबा!