डांबराखालचा हिशेब

पुणे-नाशिक महामार्ग संगमनेरच्या भरवस्तीतून जायचा, तेव्हा त्याचा क्रमांक ५० होता. २०१०च्या फेररचनेत तो ६० झाला. पुढच्या दशकात खेड-सिन्नर टप्पा चौपदरी झाला, गावाला बायपास मिळाला, हिवरगाव पावसा इथं टोलनाका आला. रस्त्याची तब्येत तपासण्याची रीतही या काळात बदलली, पण तिची चर्चा कुठं झाली नाही.

आधी सगळी भिस्त डोळ्यांवर. १९८१ साली इंडियन रोड्स काँग्रेसनं बेंकेलमन बीमची पद्धत घालून दिली. मागच्या आसावर ८१७० किलो भार असलेला ट्रक उभा करायचा, जोडचाकांच्या फटीत बीमचं टोक सरकवायचं आणि ट्रक पुढं गेला की दबलेला रस्ता किती वर येतो ते डायलवर वाचायचं. काम संथ, पण चोख. २०१४ मध्ये काँग्रेसची आयआरसी ११५ ही मार्गदर्शिका आली, वजन आपटून रस्ता किती दबतो ते मोजणारं एफडब्ल्यूडी यंत्र आलं. त्याच्या गणितात मात्र प्रत्येक थराची जाडी घालावी लागते. ती मिळायची कोअर, म्हणजे रस्त्याचा दंडगोल नमुना, काढून किंवा खड्डा घेऊन, तीही मोजक्याच ठिकाणी.

जमिनीच्या आत पाहणारं रडार कामाला येतं ते इथं. गाडीवरचा अँटेना रेडिओलहरी खाली सोडतो, थर बदलला की काही लहरी उलट फिरतात. दहा सेंटिमीटर डांबर पार करून परतायला जेमतेम दीड नॅनोसेकंद लागतो. वाहतूक न अडवता सलग नोंद मिळते.

संगमनेर तालुक्यात खरी गाठ पाण्याशी आहे. ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरेचे कालवे निघतात, खाली काळी माती, दोन्ही बाजूंना ऊस. रान भिजलं की पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि वर भेगा पडतात. त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. खडीच्या थरात साठलेलं पाणी रडारला ठळक दिसतं, पण ओली काळी माती लहरी गिळून टाकते आणि खालचं चित्र पुसट होतं. म्हणून कोअर बंद करता येत नाही. तो कुठं काढायचा, हे रडार सांगतं.

मला रडारचा मोठा उपयोग नव्या रस्त्यावर दिसतो. मोजमाप पुस्तिकेत (एमबीत) लिहिलेली जाडी खरोखर अंथरली का, हे थर कोरडे असताना चांगलं कळतं. अंतिम बिल निघण्याआधी ही तपासणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीत लावावा.